माळ, पंगत आणि खाडीकाठची खानावळ



कीर्तन संपले, बुक्का लावून झाला, की मंडळी पाया पडता पडता शंका विचारतात. त्यांत वेदान्ताच्या शंका थोड्या आणि व्यवहाराच्या पुष्कळ असतात. अलीकडे एक शंका वारंवार येते. "महाराज, मुलाबाळांबरोबर कोकणात जायचे असते. विजयदुर्गचा किल्ला बघायचा असतो, पुढे मालवण असते. गळ्यात माळ आहे आणि तिकडे तर सगळा मासळीचा मुलूख. जेवायचे कुठे?" कोणी त्यात भर घालतो की 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी दिसल्याशिवाय मी हॉटेलची पायरी चढत नाही. तिसरा कोणी हळूच म्हणतो, "पाटी असली तरी आत रांधणारा कोण, शेजारी बसणारा कोण, हे कुठे कळते?"

भाविकहो, पहिली शंका पोटाची आहे आणि तिचे उत्तर सोपे आहे. ते शेवटी सांगतो. तिसरी शंका मात्र पोटाची नाही. ती फार जुनी आहे, आणि आपल्या संप्रदायाच्या अगदी गाभ्याशी येऊन भिडणारी आहे. म्हणून तिचा थोडा इतिहास पाहू, आणि तो विजयदुर्गाच्याच पाण्यावरून पाहू.

विजयदुर्ग वाघोटन खाडीच्या मुखाशी उभा आहे. या खाडीने आत गेले की वरच्या अंगाला खारेपाटण लागते. तेथे एक ताम्रपट सापडला आहे, शके 930 चा, म्हणजे इसवी सन 1008 चा. दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील रट्टराजाचा तो दानलेख. राजाने गावे कशासाठी दिली? देवाच्या पूजेसाठी, देवळाच्या डागडुजीसाठी आणि तेथे राहणाऱ्या तपस्व्यांच्या अन्नवस्त्रासाठी. म्हणजे या खाडीकाठी परक्या मुखात घास जावा याची लेखी तजवीज एक हजार वर्षांपूर्वी झालेली आहे. विजयदुर्गाचा किल्ला पुढे शिलाहार भोज राजाने बांधला असे मानतात. त्याला घेरिया म्हणत. शिवछत्रपतींनी तो घेऊन बळकट केला, आंग्र्यांनी तो गाजवला, 1756 साली तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला, आणि पेशव्यांच्या काळी धुळपांचे आरमार येथे नांदले. हा भाग शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. तटबंदी पाहायला आपण जातो. वाटसरूला जेवायला कोण घाली आणि कोणाला घालत नसे, हे मात्र तटावर लिहिलेले नसते.

पूर्वी प्रवासात पैसे देऊन जेवण विकत घेणे ही गोष्ट मानाची नव्हती. अन्न विकू नये, असा दंडक. मग वाटसरू काय करी? शिदोरी बांधून घेई. ती संपली की चार धोंडे मांडून स्वयंपाक करी. कोणाच्या घरी पाहुणा म्हणून उतरे. संन्यासी आणि विद्यार्थी माधुकरी मागत. तीर्थाच्या ठिकाणी अन्नछत्र असे, धर्मशाळा असे. अहिल्याबाई होळकरांसारख्या पुण्यशील बाईने देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्याचे ऋण आपल्यावर आहेच. पण या सगळ्या व्यवस्थेत दाराशी पहिला प्रश्न एकच विचारला जाई. तो भुकेचा नसे, जातीचा असे. त्याच्या उत्तरावर माणूस ओटीवर बसे, पडवीत बसे, की अंगणाबाहेर ओंजळ धरून उभा राही, हे ठरे. अन्नाला किंमत नव्हती, पण पंगतीला होती.

आता आपल्या संतांकडे पाहा. महिपतिबाबांनी 'भक्तविजय' शके 1684 मध्ये, म्हणजे 1762 साली पूर्ण केला. त्यात चोखोबांची कथा आहे. चोखोबांची पत्नी वाढत होती, पांडुरंग पंगतीला होते, आणि वाढताना दही देवाच्या पीतांबरावर सांडले. चोखोबा जे बोलले ते जाणाऱ्या पुजाऱ्याच्या कानावर गेले आणि त्याने चोखोबांच्या मुखात मारली. देवळात येऊन पाहतो तर देवाचा गाल सुजलेला आणि पीतांबरावर दही. ही कथा मी अनेक वेळा कीर्तनात लावली आहे. श्रोते देवाच्या गालापाशी रडतात. माझे लक्ष मात्र नेहमी दुसरीकडे जाते. चोखोबांचा अपराध कोणता धरला गेला? देवाची पूजा केली हा नव्हे. देवाबरोबर जेवले, हा. नाथांचेही तेच. पैठणला श्राद्धाचे अन्न त्यांनी अंत्यजांना वाढले आणि राण्या महाराच्या घरी जेवायला गेले, या कथांवरून गाव पेटले. नामदेवराय कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ते सर्वांना गोड वाटते. कारण कुत्रा पंगतीत शेजारी बसत नाही.

येथे पूर्वपक्ष मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. शास्त्रकार विचारतात, अन्नाचा दोष मनाला लागतो की नाही? छांदोग्य उपनिषदात आहारशुद्धीने अंतःकरणशुद्धी होते असे सांगितले आहे. श्रीरामानुजाचार्यांच्या परंपरेत अन्नाचे तीन दोष मानतात. पहिला जातिदोष. येथे जात म्हणजे माणसाची नव्हे, पदार्थाची, जसे कांदा-लसूण. दुसरा आश्रयदोष, म्हणजे अन्न ज्याच्याकडून आले त्याचा दोष. तिसरा निमित्तदोष, म्हणजे केस, किडा, घाण पडणे. आता ज्याला शेजारी कोण बसतो याची चिंता आहे तो आश्रयदोषाचे बोट धरतो. तो म्हणतो, रांधणाऱ्याच्या जातीचा विचार करणे हे शास्त्रच आहे.

याला उत्तरे आहेत. एक तर आद्य शंकराचार्यांनी त्याच छांदोग्य वचनातील 'आहार' शब्दाचा अर्थ केवळ तोंडाने खाण्याचा घेतलेला नाही. इंद्रियांनी जे जे आत घेतो ते सगळे, असा घेतला आहे. कानाने निंदा खाल्ली तर तोही आहार. दुसरे, आश्रयाचा दोष मानायचाच तर तो आचरणाचा मानावा. लोकांना बुडवून मिळवलेल्या पैशाचे अन्न जड जाते, हे कोणीही मान्य करील. जन्माचा दोष मानायचा तर नाथ राण्याच्या घरी जेवून भ्रष्ट झाले असे म्हणावे लागेल, आणि हे म्हणणाऱ्याने मग पैठणची वाट धरू नये. तिसरे, गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि माउलींनी त्यावर विस्ताराने लिहिले आहे. तेथे रसाळ काय, तिखट-जळजळीत काय, शिळे-उष्टे काय, याचा विचार आहे. शेजारच्या पाटावर कोण बसला आहे, याचा नाही. उलट त्या मापाने पाहिले तर सकाळी करून ठेवलेला आणि संध्याकाळी तिसऱ्यांदा गरम केलेला रस्सा तामस ठरतो, मग दारावर 'शुद्ध' हा शब्द कितीही मोठ्या अक्षरांत रंगवलेला असो.

संतांनी सांगितले, पण व्यवहारात पंगत मोडली का? प्रामाणिकपणे बोलायचे तर फार थोडी. काल्याच्या दिवशी गोपाळपुरास सगळ्यांचे एकत्र कालवले जाते, एकमेकांच्या मुखात घातले जाते, आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या चुलीकडे. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' या पुस्तकातील 'वाटचाल' हा लेख जरूर वाचावा. त्या दिंडीबरोबर पंढरपुरास चालत गेल्या होत्या. भजन एक, वाट एक, आणि ब्राह्मणांचा स्वयंपाक वेगळा, मराठ्यांचा वेगळा, हे त्यांना दिसले आणि बोचले. त्या दोन्हीकडे जेवल्या. आपल्यापैकी काहींना तो लेख आवडत नाही. मला तो आवडतो, कारण बाई वारीवर प्रेम करून लिहितात.

मग पंगतीची भिंत कोठे खचली? सांगायला संकोच वाटतो, पण ती आमच्या फडावर नव्हे, चहाच्या दुकानात आणि खानावळीत खचली.

आगबोट आणि आगगाडी आली. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही बंदरे घेत बोटी मुंबईस जात-येत. कोकणचा तरुण गिरणीत लागला. त्याला रोज कोण घरी जेवायला बोलावणार? अन्न विकू नये हा दंडक गेला आणि खानावळी निघाल्या. गिरणगावात कित्येक बायांनी आपल्या खोलीत महिन्याच्या बोलीवर कामगारांना जेवू घातले. त्यांचीच पुढे 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' ही संघटना बांधली. सुरुवातीला जुना प्रश्न नव्या पाटीवर चढला. 'ब्राह्मणाची खानावळ', 'हिंदू हॉटेल' अशा पाट्या असत. स्टेशनावर पाणीसुद्धा हिंदूचे वेगळे आणि मुसलमानाचे वेगळे मिळे. पण विक्रीचा एक गुण असा की गिऱ्हाईक दाराशी उभे असताना त्याची वंशावळ तपासणे दुकानदाराला परवडत नाही.

तरी सगळ्यांना दार उघडले नाही. ते उघडण्यासाठी माणसांना उभे राहावे लागले, आणि त्यांतली दोन उदाहरणे विजयदुर्गाच्या दोन अंगांना आहेत. घाट चढून वर गेले की कोल्हापूर. तेथे गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी नोकर होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांचा समाचार घेतला, आणि पुढे गंगारामांना चहाचे दुकान घालून दिले. त्याचे नाव 'सत्यसुधारक'. दुकान निघाले खरे, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? मग महाराज स्वतः गाडी थांबवू लागले. चहा मागवायचा, आपण प्यायचा आणि बरोबरच्या सोवळ्या मंडळींच्या हातीही पेला द्यायचा. राजाने दिलेला पेला नाकारणार कोण? हुकूमनामा काढला असता तर लोकांनी पळवाट शोधली असती. चहा समोर आला की एक तर प्यायचा, नाही तर महाराजांच्या तोंडावर ठेवून द्यायचा. महाराज 1922 साली गेले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या पाणवठ्यांवर आणि धर्मशाळांत अस्पृश्यांना मज्जाव असू नये, असा तो ठराव. आणि त्याच ठरावाच्या अंमलासाठी 1927 साली बाबासाहेब आंबेडकरांना महाडास चवदार तळ्याचे पाणी हातात घ्यावे लागले. कागद झाला म्हणजे ओंजळ भरते असे नाही.

दुसरे उदाहरण उत्तरेस, रत्नागिरीचे. तेव्हा विजयदुर्गही रत्नागिरी जिल्ह्यातच होता, सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली वेगळा झाला. भागोजीशेठ कीर यांनी 1931 साली पतितपावन मंदिर उभे केले आणि तेथे सहभोजने झाली. सावरकर त्या वेळी रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांनी 1933 साली अखिल हिंदू उपाहारगृह काढले आणि तेथे वाढण्याच्या कामावर मुद्दाम अस्पृश्य मानलेल्या जातीचा माणूस ठेवला. सावरकरांच्या इतर मतांविषयी वाचकांची मते वेगवेगळी असतील. मला त्या पाटीतला 'हिंदू' हा शब्दही खटकतो, तेवढे दार बंदच राहिले. पण वाढपी कोण ठेवायचा हे ज्याला सुचले, त्याला या रोगाची नाडी बरोबर सापडली होती. देवळात शेजारी उभे राहणे लोक एक वेळ सोसतात. हातचे खाणे सोसत नाहीत.

आणि आपण? पंढरीचे दार 1947 सालापर्यंत चोखोबांच्या लेकरांना बंद होते. त्यासाठी साने गुरुजींनी त्या वर्षी 1 मेपासून दहा दिवस उपोषण केले. ते उपोषण तनपुरे महाराजांच्या मठात झाले, एवढी एक गोष्ट संप्रदायाच्या बाजूने अभिमानाने सांगता येते. पुढे 26 जानेवारी 1950 रोजी संविधान अमलात आले. त्याचे पंधरावे कलम काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकास दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले येथे मज्जाव करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट आहे. देशाचा एवढा मोठा ग्रंथ लिहिताना त्या थोर मंडळींना उपाहारगृहाचे नाव घालावेसे वाटले. का घालावे लागले, ते त्यांना पुरते ठाऊक होते. कारण त्यानंतरही कित्येक वर्षे खेड्यातल्या हॉटेलाबाहेर खुंटीला कान तुटलेली कपबशी टांगलेली असे. ज्याची त्याने विसळायची, प्यायची आणि परत टांगायची. माझ्या पिढीने ती कपबशी डोळ्यांनी पाहिली आहे.

म्हणून 'शुद्ध शाकाहारी' या पाटीतला 'शुद्ध' शब्द जरा थांबून वाचावा. शाकाहारी म्हटले की सगळा अर्थ आला. मग शुद्ध कशाला? पदार्थापुरते म्हणत असतील तर हरकत नाही. तूप शुद्ध असावे, तेल शुद्ध असावे. पण वाचणाऱ्याच्या मनात तो शब्द माणसांकडे सरकतो, आणि जुनी पंगत मागच्या दाराने आत येते. तळकोकणच्या बोलीत यासाठी फार चांगला शब्द आहे: शिवराक. घरात सोमवारी शिवराक, संकष्टीला शिवराक, श्रावणात शिवराक. म्हणजे आज मासळी नाही, एवढेच. उद्या असेल. त्या शब्दात कोणाची निंदा नाही, आणि स्वतःची आरतीही नाही.

विजयदुर्गात मी मागे गेलो होतो तेव्हा एका लहानशा खानावळीत जेवलो. चार बाकडी, दारात शहाळी, आत चुलीपाशी बाई. शेजारच्या बाकावर मासे चालले होते. मी माळ दाखवून विचारले, तर बाई म्हणाली, "बसा, शिवराक आसा." वेगळी कढई, वेगळा डाव तिने मला न सांगता काढला. काळ्या वाटाण्याचे सांबारे, उकड्या तांदळाचा भात, फणसाची भाजी, सोलकढी. माझ्या बरोबरचा एक तरुण टाळकरी मात्र बाहेर उभा राहिला. समोर मासे खाणारे बसले आहेत, हे कारण. मी त्याला आग्रह केला नाही. वास सोसत नाही म्हणाला असता तर मीही उठून त्याच्याजवळ बसलो असतो, कारण तो देहाचा धर्म आहे. पण त्याने 'विटाळ' हा शब्द वापरला. रात्री मुक्कामी मी त्याला चोखोबांच्या पीतांबरावरच्या दह्याची कथा सांगितली. त्याला ती पाठ होती.

माळ घालताना आपण काय कबूल करतो ते आठवावे. मांस-मद्य वर्ज्य, एकादशी, वारी, हरिपाठ, परस्त्री मातेसमान. त्यात 'मी अमक्याशेजारी बसणार नाही' असे वचन गुरू घेत नाही. आपल्या ताटातले व्रत कडकडीत पाळावे, त्यात तसूभर ढिलाई नको. मसाल्यात सुकट आहे का, तळणीचे तेल तेच का, हे निःसंकोच विचारावे. दुसऱ्याच्या ताटाचे व्रत आपल्याकडे नाही.

हॉटेलाची मी आरती ओवाळतो आहे असे मात्र समजू नका. तेथली समता पैशाची आहे. खिशात पैसे नसतील तर जात न विचारताच बाहेर काढतात. एसटी स्थानकाच्या कोपऱ्यात फडक्यातली भाकरी सोडून बसलेली म्हातारी वारकरीण पाटी वाचून आत येत नाही, दर वाचून मागे फिरते. खारेपाटणच्या ताम्रपटातले तपस्वी फुकट जेवत, पण तेथे सर्वांना पान नव्हते. खानावळीत सर्वांना पान आहे, पण फुकट नाही. दोन्ही एका जागी मला फक्त काल्याला दिसले आहेत.

आता पहिल्या शंकेचे उत्तर. कोल्हापूरहून गगनबावड्याच्या बाजूने उतरलात तर तळेरे येथे महामार्ग लागतो आणि तेथून विजयदुर्गचा फाटा. वाटेत 'पडेल कॅन्टीन' नावाचा थांबाच आहे. गावाच्या नावाला कॅन्टीन जोडलेले, आणि वाहक ते नाव देवळाचे घ्यावे तसे घेतो. जमल्यास सोमवार धरून जा. गिर्ये येथील रामेश्वराचे दर्शन होते, आणि त्या दिवशी बहुतेक चुलींवर शिवराकच असते. इतर वारी खानावळीत जाऊन थोडे आधी सांगून ठेवा, किल्ला पाहून येईपर्यंत बाई भात टाकते. तटावरून उतरेपर्यंत ऊन चढलेले असते, म्हणून आधी सोलकढी मागा. ती ताजी असते. आणखी वाटी हवी असेल तर संकोच करू नका.